लाइनवरच्या माणसाचा पुढाकार: ऑपरेटर, सेटर, हेल्पर यांच्या हातात नेमकं काय असतं?

लेथमास्तर

नेतृत्वाचा विषय निघाला की चर्चा प्लँट हेडपासून सुरू होते आणि सुपरवायझरपाशी संपते. मशिन शॉपपुरतं बोलायचं तर शिफ्टचा माल डिस्पॅचला जाणार की नापास मालाच्या लाल बिनमध्ये, हे ठरवणारे कितीतरी निर्णय त्याच्याही खाली होतात. ते घेणाऱ्याला हुद्दा नसतो, म्हणून ते कुणाच्या हिशेबात येत नाहीत.

एक साधं बोअर, म्हणजे जॉबमध्ये कोरलेलं गोल भोक, घ्या. व्यास २५ मि.मी., फिट (मापाच्या मुभेचा वर्ग) एच७. म्हणजे २५.००० ते २५.०२१, एकूण २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग) मुभा. सेटिंग साधारण मधोमध, २५.०१० च्या आसपास. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजतो तसं बोअर लहान होत जातं. ऑपरेटर दर २० पीसला एअर गेजवर माप घेतोय: २५.०११, मग २५.००८, मग २५.००५. तिन्ही पीस ओके, चेकशीटवर तिन्ही टिक.

पहिला ऑपरेटर टिक मारून पुढे जातो. पाचव्या तपासणीला, म्हणजे शंभराव्या पीसला, गो गेज (सगळ्यात लहान चालणाऱ्या मापाचा दांडा) आत जात नाही. आता ८१ ते १०० हे सगळे पीस संशयित. पुन्हा क्लॅम्प केलेल्या जॉबमधून दोन मायक्रॉन काढणं बोरिंग बारला जमत नाही, इन्सर्ट कापायच्या ऐवजी नुसता घासतो. म्हणजे होनिंग (दगडाने बारीक घासून माप आणणं) आलं. प्रोसेसमध्ये होनिंग नसेल तर आधी ग्राहकाची लेखी परवानगी आली.

दुसरा ऑपरेटर साठाव्या पीसला थांबतो. वेअर ऑफसेट, म्हणजे झिजेची भरपाई करणारा मशिनमधला आकडा, ५ मायक्रॉनने वाढवतो, लगेच पुढचा पीस मोजतो आणि शीटवर लिहितो: 'पीस ६०, ऑफसेट +५, पुढचा २५.०१०.' एवढंच. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि शिफ्टच्या रिपोर्टमध्ये या गोष्टीची ओळही उमटत नाही, कारण घडलं काहीच नाही.

माझं म्हणणं असं की टीम चांगली की वाईट हे या दुसऱ्या ऑपरेटरच्या संख्येवर ठरतं. पण ही माणसं तयार कशी होतात? पोस्टर लावून आणि भाषण देऊन होत नाहीत, इतकं नक्की. जाणकारांनी बारकावे लिहावेत.

क्यूसीवाली

उदाहरण चोख आहे, पण त्यातला धोका आधी सांगते. 'स्वतःहून ऑफसेट द्या' एवढंच शिकवलं तर उत्साही ऑपरेटर प्रत्येक पीसला ऑफसेट देऊ लागतो. एक पीस ३ मायक्रॉन खाली आला, ३ वर. पुढचा २ वर आला, २ खाली. मशिनची स्वाभाविक हालचाल असते, तिच्यामागे असं धावलं की फैलाव कमी होत नाही, वाढतो. दर्जातज्ज्ञ डेमिंग यांचा फनेलचा (नरसाळ्याचा) प्रयोग नेमका हेच दाखवतो: प्रत्येक चुकीइतकी उलटी दुरुस्ती करत गेलात तर व्हेरियन्स (फैलावाचं गणिती माप) दुप्पट होतो. माणूस मनापासून काम करतोय आणि माल बिघडतोय, यासारखं दुःखद काही नाही, कारण त्याला दोष देता येत नाही आणि माल तर गेलेला असतो.

म्हणून नियम सोपा ठेवावा. एका मापावर हात लावायचा नाही. लागोपाठ तीन मापं एकाच दिशेला सरकली, किंवा एखादं माप मर्यादेच्या आतल्या पिवळ्या पट्ट्यात (कडेजवळच्या इशाऱ्याच्या भागात) गेलं, तरच. वरच्या उदाहरणात दुसऱ्या ऑपरेटरने तिसऱ्या मापाला ऑफसेट दिला तो म्हणूनच बरोबर.

दुसरी गोष्ट तापमानाची. कूलंट कमी पडला किंवा जॉब मशिनमधून काढल्या काढल्या मोजला तर बोअर मोठं दिसतं. २५ मि.मी.चं ॲल्युमिनियमचं बोअर १० अंशांनी गरम असेल तर साधारण ६ मायक्रॉन मोठं भरतं, स्टीलचं ३. त्या गरम मापावर ऑफसेट दिला की थंड झाल्यावर बोअर खाली. ॲल्युमिनियमचा जॉब आणि मास्टर रिंग (गेज जुळवायची प्रमाण कडी) एकाच तापमानाला आणल्याशिवाय मापावर विश्वास ठेवू नये. हेल्परने 'दादा, जॉब अजून गरम आहे' म्हणणं हाही पुढाकारच, आणि फार मोलाचा.

भोसरी_तिसरी_गल्ली

ताईंशी पूर्ण सहमत. त्याला जोडून: पुढाकार आणि परस्पर बदल यांच्यातली रेघ आखून दिली नाही तर दोन्हीकडून नुकसान होतं. हुशार माणूस नको तिथे हात घालतो, आणि सरळ माणूस घाबरून कुठेच घालत नाही.

एक नेहमी दिसणारा प्रकार. सायकल टाइम कमी करायला ऑपरेटर फिनिशिंगचा फीड (एका फेऱ्यात टूल किती सरकतं ते) ०.१५ मि.मी.वरून ०.२२ करतो. व्यास तोच, गेज ओके, तासाला पीस जास्त. सगळे खूश. पण टर्निंगमध्ये खरखरीतपणाची उंची साधारण फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची (टूलच्या टोकाच्या गोलाईची त्रिज्या) आठपट इतकी असते. नोज ०.८ धरला तर ०.१५ फीडला साडेतीन मायक्रॉन, ०.२२ ला साडेसात. दुपटीहून जास्त. ही बेअरिंगची बैठक असेल तर प्रेस करताना ती शिखरं चपटी होतात आणि मायक्रोमीटरवर बरोबर दिसलेली पकड प्रत्यक्षात सैल पडते. बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर फिरायला लागते ती ग्राहकाकडे, दोन-तीन महिन्यांनी. तेव्हा फीड कुणी कधी बदलला हे कुठेच लिहिलेलं नसतं.

यावर उपाय म्हणजे मशिनवर तीन खान्यांचं कार्ड लावायचं. प्रत्येक मशिनचं वेगळं, हातानं लिहिलेलं चालेल.

स्वतः करा आणि लिहा: ठरलेल्या मर्यादेत वेअर ऑफसेट (समजा एका वेळी ५ मायक्रॉन, एका इन्सर्टला एकूण १५), ठरलेल्या पीसचा काउंट भरल्यावर इन्सर्ट बदलणं, कूलंटचं काँसन्ट्रेशन रिफ्रॅक्टोमीटरवर बघून वाढवणं, बिनची मांडणी, चिप साफ करायची वेळ.

आधी सांगा, मग करा: इन्सर्टचा ग्रेड, क्लॅम्पिंगचा दाब, लोकेटर पॅडची शिम (खालची पातळ पट्टी), कामाचा क्रम.

हात लावू नका, थांबवा आणि बोलवा: प्रोग्राममधला फीड-स्पीड, गेजचं मास्टरिंग जुळत नसेल तर, सेफ्टी इंटरलॉक, मटेरियलचा हीट नंबर (भट्टीतल्या घाण्याचा क्रमांक) वेगळा दिसला तर.

कार्ड सेटर (मशिन लावून देणारा) आणि दोन जुन्या ऑपरेटरना घेऊन भरायचं. ऑफिसात बसून भरलेल्या कार्डात पहिला खाना नेहमी रिकामा राहतो, कारण भरणाऱ्याला वाटतं सगळंच विचारून व्हावं. पहिल्या खान्यात पाच-सहा गोष्टी तरी असल्याच पाहिजेत.

लेथमास्तर

कार्डची कल्पना पटली. पहिला खाना भरलेला हवा, हे विशेष.

रुळावरचा

विषय कारखान्याचा आहे, पण तिसऱ्या खान्याबद्दल रेल्वेतलं एक उदाहरण देतो, कारण 'सगळ्यात खालच्या माणसाने थांबवायचं' ही गोष्ट तिथे अगदी पायरीपायरीने लिहिलेली आहे.

कीमन, म्हणजे आपला चावीवाला, हुद्द्याच्या उतरंडीत जवळपास तळाशी. रोज आपला पट्टा पायी तपासतो. जवळ पाना, हातोडा, लाल झेंड्या आणि रुळावर लावायचे फटाके, म्हणजे डेटोनेटर. रूळ तुटलेला दिसला तर तो कुणाची परवानगी मागत नाही. जागेवर धोक्याची खूण लावतो आणि गाडी येण्याच्या दिशेने लाल झेंडी दाखवत पळतो. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक फटाका, पुढे १,२०० मीटरवर तीन, एकमेकांपासून १० मीटर अंतराने. दुहेरी मार्ग अडला असेल तर ज्या रुळावर गाडी आधी येणार तो आधी सुरक्षित करायचा. १,२०० मीटरला पोचायच्या आधी गाडी दिसली तर असेल तिथे लगेच फटाका लावायचा. इंजिन त्यावरून गेलं की आवाज होतो आणि लोको पायलटला गाडी थांबवावीच लागते, मग ती मालगाडी असो की राजधानी. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या कटिंगांमधले गस्तीवाले याच अधिकारावर रात्री फिरतात. दरड आली तर निर्णय त्या कंदीलवाल्या माणसाचा.

यात बघण्यासारखं हे की अधिकार, साधनं आणि पायऱ्या या तिन्ही गोष्टी एकत्र दिल्या आहेत. नुसता अधिकार दिला असता आणि फटाके स्टोअरमध्ये कुलपात असते तर? कारखान्यात 'कुणीही लाइन थांबवू शकतो' असं लिहिलेलं असतं. थांबवल्यावर पहिल्या मिनिटाला काय करायचं, हे लिहिलेलं नसतं.

भोसरी_तिसरी_गल्ली

जबरदस्त. कारखान्यासाठी पहिल्या मिनिटाच्या पायऱ्या अशा: मशिन सायकल संपल्यावर थांबवा. खराब पीसला लाल टॅग, त्यावर वेळ आणि पीस नंबर. शेवटचा ओके पीस कुठला ते शीटवर बघा आणि त्यानंतरचा सगळा माल बाजूला घ्या. बाजूला म्हणजे बिनमधलाच नाही. वॉशिंगच्या ट्रॉलीत आणि पुढच्या स्टेशनवर गेलेलाही. बहुतेक गळती तिथूनच होते: बिनमधले १५ पीस सापडतात, ट्रॉलीतले ५ पुढे जातात. मग हाक मारा.

असेंब्ली_दोन

सगळं बरोबर, पण जिथे लाइन थांबवल्यावर 'टार्गेट कोण पूर्ण करणार?' असं ऐकून घ्यावं लागतं, तिथे कार्ड लावून काय होणार? माणूस एकदा बोलतो, दुसऱ्यांदा नाही.

गेम्बा_पुणे

हाच खरा मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड पुढे विणलंच जायचं नाही. तोच विचार पुढे टोयोटाच्या मोटारींच्या लाइनवर माणसाच्या हातात दिला गेला. अँडॉनची, म्हणजे इशाऱ्याच्या दिव्याची, दोरी ओढली की दिवा लागतो, सूर वाजतो. लाइन लगेच थांबत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. गाडी त्या स्टेशनच्या ठरलेल्या खुणेपर्यंत सरकत राहते. टीम लीडर तेवढ्यात येऊन अडचण सोडवतो आणि पुन्हा दोरी ओढून दिवा बंद करतो. सुटली नाही तरच लाइन थांबते. म्हणजे दोरी ओढणं ही मुळात मदतीची हाक असते.

हे चालतं कारण तिथे साधारण पाच-सहा जणांमागे एक टीम लीडर असतो आणि त्याला स्वतःचं ठरलेलं स्टेशन नसतं. हाक येताच जाणं हेच त्याचं काम. आपल्याकडे अनेक शॉपमध्ये एका सुपरवायझरमागे २५-३० माणसं असतात, त्यातच तो मटेरियल आणायला स्टोअरमध्ये, गैरहजर माणसाची बदली शोधायला टाइम ऑफिसात. दिवा लागतो आणि लागून राहतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा कुणी बटण दाबत नाही. मग मीटिंगमध्ये 'आपल्या लोकांना ओनरशिप नाही' असं म्हटलं जातं. हे मला अन्यायाचं वाटतं. हाकेला ओ न देणाऱ्या व्यवस्थेचा दोष हाक मारणाऱ्यावर ढकलला जातो.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा दाखला इथे उपयोगी आहे. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. गैरहजेरी, भांडणं, खराब माल यासाठी तो बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटासोबत भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा घेतलेले कामगार बरेचसे जुनेच होते, युनियनही तीच. बदलली ती रचना: छोट्या टीम, टीम लीडर, आणि लाइन थांबवायचा हक्क. मालाचा दर्जा लवकरच टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या जवळ गेला. माणसं तीच असताना.

आता असेंब्ली_दोन यांच्या प्रश्नाकडे. सगळी रचना बदलणं सुपरवायझरच्या हातात नसतं, पण त्याचं पहिलं वाक्य त्याच्या हातात असतं. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, तीन नंबरचं बोअर खाली चाललंय, थांबवलंय." यावर "आज किती बाकी आहेत?" असं विचारलं तर उत्तर मिळालं: तुझ्या बोलण्यापेक्षा आकडा महत्त्वाचा. "कधीपासून दिसतंय? दाखव." असं विचारलं तर सगळ्या लाइनला दिसतं की साहेब आधी पीस बघतात. शेजारच्या मशिनवरचे कान तिकडेच असतात, हे सुपरवायझरने कधी विसरू नये.

त्यानंतर तीन गोष्टी. पीस स्वतः हातात घेऊन बघायचा. निर्णय कोण घेणार आणि किती वेळात, ते तिथेच सांगायचं: 'पाच मिनिटांत सेटर येईल, नाही आला तर मला फोन कर.' आणि शिफ्ट सुटायच्या आत परत येऊन काय निघालं ते सांगायचं. ही तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. शंका चुकीची निघाली तर ती तर आवर्जून सांगावी, कारण चुकीची हाक मारूनही काही बिघडत नाही, हे त्यातूनच कळतं. दहा हाकांमधल्या सहा फुकट गेल्या तरी उरलेल्या चार ग्राहकाकडून आलेल्या तक्रारीपेक्षा स्वस्त पडतात.

क्यूसीवाली

'शिफ्ट सुटायच्या आत परत येऊन सांगणं' हे सजेशन स्कीमलाही लागू आहे. टोयोटाची सूचना योजना १९५१ पासूनची. आपल्याकडे पेटी असते, ती तिमाहीत एकदा उघडते, तोवर लिहिणारा विसरलेला असतो किंवा नोकरी सोडून गेलेला असतो. सात दिवसांत उत्तर, आणि 'नाही' असेल तर एका ओळीत कारण. हे जमत नसेल तर पेटी काढून ठेवावी.

दुसरी चूक म्हणजे माणशी महिन्याला दोन काइझेनचं (छोट्या सुधारणांचं) टार्गेट. महिनाअखेरीला जमिनीवर पिवळे पट्टे आणि ट्रॉलीवर लेबलं एवढीच काइझेन येतात. टार्गेट द्यायचंच असेल तर सुपरवायझरला द्या: तुझ्या भागात आलेल्यांपैकी किती अमलात आणली?

चांगली सूचना कशी दिसते, त्यासाठी जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांचं १९६१ चं उदाहरण आजही शिकवावं असं आहे. यामादा इलेक्ट्रिकमध्ये एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या असत. कधीकधी एक स्प्रिंग राहून जाई. 'लक्ष ठेवा' हे सांगून झालं होतं. उपाय निघाला तो असा: डब्यातून आधी दोन स्प्रिंग काढून एका छोट्या बशीत ठेवायच्या, मग बशीतून बसवायच्या. बशीत एक उरली तर विसरल्याचं तिथल्या तिथे कळतं. खर्च एका बशीचा. अशी सूचना सुचायला हुद्दा लागत नाही, रोज तीच स्प्रिंग बसवणारा हात लागतो. म्हणून काइझेन शीटवर सगळ्यात वरचं नाव त्या हाताचं हवं. तिथे सुपरवायझरचं नाव आधी आलं की पुढची सूचना येत नाही.

असेंब्ली_दोन

आणि कंत्राटी कामगार, ट्रेनी? बऱ्याच ठिकाणी बक्षीस कायम कामगारांनाच मिळतं. लाइनवर निम्म्याहून जास्त माणसं ट्रेनी असतील तर निम्म्याहून जास्त डोळे योजनेच्या बाहेर राहिले. मदत मागायचा हक्क आणि सूचनेचं बक्षीस यात हजेरी कुठल्या रजिस्टरवर लागते हे बघू नये.

रुळावरचा

शंभर टक्के. सुरक्षेच्या बाबतीत तर हे कायद्यातही आलं होतं. १९८४ च्या भोपाळनंतर, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात कलम ४१-एच घातलं गेलं: धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला जिवाला किंवा आरोग्याला धोका जवळ आलाय अशी वाजवी शंका आली तर तो ते थेट किंवा सुरक्षा समितीतल्या प्रतिनिधीमार्फत व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकत होता. कळवल्यावर लगेच उपाय करणं ही व्यवस्थापनाची जबाबदारी. शंका पुरेशी मानली होती, पुरावा मागितलेला नव्हता. हे तत्त्व क्वालिटीलाही लावावं असं माझं मत.

लेथमास्तर

शेवटचा एक व्यावहारिक प्रश्न. दिवसा सेटर, क्यूसी, मेंटेनन्स सगळे असतात. थर्ड शिफ्टला लाइन इन्स्पेक्टर एकच, सेटर ऑन-कॉल. तिथे दुसऱ्या खान्यातल्या गोष्टी कुणाला विचारायच्या? आणि रात्री घेतलेला निर्णय सकाळी फर्स्ट शिफ्टवाला परस्पर उलटवतो, त्याचं काय?

भोसरी_तिसरी_गल्ली

रात्रीसाठी दुसरा खाना दोघांच्या सहीवर चालवावा: ऑपरेटर आणि लाइन इन्स्पेक्टर. बदल केल्यावर लागोपाठ पाच पीस मोजायचे, पाचही मापं लिहायची, आणि बदलानंतरचा माल वेगळ्या बिनमध्ये निळ्या टॅगसह ठेवायचा. सकाळी क्यूसीने पास केल्याशिवाय तो बिन पुढे जाणार नाही. तिसऱ्या खान्यातली गोष्ट असेल तर रात्रीसुद्धा मशिन बंदच. त्यात तडजोड नको, मग सकाळी किती पीस कमी भरले हा प्रश्न ऑपरेटरला विचारायचा नाही.

उलटवण्याचा प्रकार बहुतेक वेळा हँडओव्हर तोंडी असल्यामुळे होतो. फर्स्ट शिफ्टवाल्याला ऑफसेट वेगळा दिसतो, कारण दिसत नाही, तो जुना आकडा परत टाकतो आणि पहिलेच १०-१२ पीस जातात. मशिनला बांधलेलं एक रजिस्टर, एका शिफ्टला एक ओळ: इन्सर्टचा चालू काउंट, दिलेला एकूण ऑफसेट आणि कारण, शेवटचं माप, लाल आणि निळ्या बिनमध्ये किती पीस, अर्धवट राहिलेली गोष्ट. 'ठीक आहे' हा शब्द लिहायची बंदी. दोघांनी मशिनपाशी उभं राहून, शेवटचा पीस एकत्र मोजून सह्या करायच्या. पाच-सात मिनिटं लागतात, म्हणून येणाऱ्याची पंचिंगची वेळ दहा मिनिटं आधीची ठेवायची आणि त्या दहा मिनिटांचे पैसे द्यायचे. पैसे दिले नाहीत तर रजिस्टर बसमध्ये बसून भरलं जातं.